सैतानालाही वचन पाठ असतं

साशंक : प्रार्थनासभेत कुणी उठून सांगतं की कित्येक महिने नीट झोप नाही, आपण कुणाच्याच कामाचे नाही हा विचार डोक्यातून जात नाही. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तीन-चार बायबलं उघडलेली असतात. कुणी फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढतं, कारण तिथे पौल चिंता सोडायला सांगतो. कुणी रोमकरांस पत्राचा बारावा काढतं, मनाच्या नवीकरणाचा. कुणी करिंथकरांस दुसऱ्या पत्रातून सांगतं की प्रत्येक विचार पकडून ख्रिस्ताच्या स्वाधीन करायचा असतो. मग प्रार्थना, आमेन, चहा. तो माणूस घरी जातो आणि रात्री पुन्हा तेच. फरक पडलाच तर इतका, की आता आणखी एक विचार त्याला छळू लागतो : वचन ऐकूनही बरं वाटत नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा. येताना एक ओझं होतं, जाताना दोन झाली. तुम्ही याला उपाय म्हणता, म्हणून विचारतो : हा उपाय माणसाच्या आत नेमकं काय करतो?

श्रद्धावान : तुम्ही सांगता ते मीही पाहिलं आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण परंपरा एवढीच नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, केलिया नावाच्या ठिकाणी, इव्हाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. त्याआधी कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याच्या उपदेशांचं मोठं नाव होतं. तिथे एका विवाहित स्त्रीत तो गुंतला, शहर सोडून निघाला, जेरुसलेममध्ये दीर्घ आजाराने पडला आणि मेलानिया या संन्यासिनीच्या सांगण्यावरून वाळवंटात आला. 399 साली तो तिथेच वारला. मनाला पोखरणारे आठ विचार त्याने मांडले. पुढे चर्चने सांगितलेली सात महापापं त्याच यादीतून घडली. त्याच्या यादीत दुःख वेगळं आहे आणि भर दुपारी मनाला येणारी मरगळ वेगळी. त्या मरगळीचं वर्णन आजही वाचावं असं आहे. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, संन्यासी सारखा खोलीबाहेर डोकावतो, ही जागा नको, हे काम नको, इथल्या भावांत प्रेम उरलेलं नाही, असं त्याला वाटू लागतं आणि घरच्या माणसांच्या आठवणी दाटून येतात.

या आठ विचारांना उत्तरं देण्यासाठी इव्हाग्रियसने एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं मूळ ग्रीक हरवलं, सिरियाक भाषेतलं रूप टिकलं. त्यात जवळपास पाचशे नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत आधी एक विचार, जसा मनात येतो तसाच, आणि मग त्याला उत्तर देणारं वचन. नमुना थेट येशूचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर परीक्षा झाली तेव्हा येशूने तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातून उत्तर दिलं, स्वतःचा नवा युक्तिवाद केला नाही. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे विचाराला नाव देणं आणि त्याच्यापासून हातभर दूर उभं राहणं. तुमच्या समुपदेशनात दुसरं काय करतात? फिलाडेल्फियात आरन बेकने 1960 च्या दशकात रुग्णांना हेच शिकवायला घेतलं की मनात आपोआप उमटणारा विचार टिपून ठेवा, तो म्हणजेच वस्तुस्थिती असं धरू नका. वाळवंटातले संन्यासी ते आधीपासून करत होते.

साशंक : सारखेपणा वरवरचा आहे. बेकचा रुग्ण विचार वहीत लिहितो आणि मग त्याला पुरावा मागतो. कुणाच्याच कामाचा नाही म्हणतोस, तर कालच्या दिवसात काय काय घडलं ते सांग. ही झाडाझडती त्याची त्यानेच घ्यायची असते. तुमचा संन्यासी पुरावा मागत नाही. एका आवाजासमोर तो दुसरा, अधिक अधिकाराचा आवाज उभा करतो. हे धोक्याचं आहे, आणि धोका तुम्ही सांगितलेल्या प्रसंगातच आहे. परीक्षेच्या त्या कथेत येशू वचन सांगतो हे तुम्ही सांगितलंत. पण मंदिराच्या शिखरावर सैतानही वचनच सांगतो. तो 91 वं स्तोत्र सांगतो, देवदूत तुला हातांवर झेलतील असं आश्वासन देणारं. तुमच्या इव्हाग्रियसला दुपारच्या मरगळीचं नाव सापडलं तेही याच स्तोत्रात, कारण भर दुपारी नासाडी करणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख तिथे आहे. एकच स्तोत्र, एकाला त्यात रोगाचं नाव मिळालं आणि दुसऱ्याला ढकलून द्यायचं हत्यार. भाविक घरात वाढलेल्या उदास माणसाचं मन वचनांनी भरलेलं असतं. त्याचा आजारही वचनांतच बोलतो. कधीच क्षमा नसलेल्या पापाविषयी मार्कात काय आहे ते त्याला पाठ असतं. एसावाने रडून मागूनही त्याला संधी मिळाली नाही हे इब्री लोकांस पत्रात आहे, तेही पाठ असतं. त्याला तुम्ही वचन दिलंत तर तो त्याहून भयंकर वचन तुमच्यापुढे टाकतो.

विल्यम कूपरचं आयुष्य बघा. अठराव्या शतकातला हा इंग्रज कवी 1763 मध्ये कोसळला, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सच्या रुग्णालयात डॉक्टर कॉटन यांच्याकडे त्याला ठेवलं. तिथे 1764 मध्ये रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्याच्या वाचनात आला आणि काळोख हटला. हा तुमच्या बाजूचा पुरावा, मी तो नाकारत नाही. पण पुढचं ऐका. 1773 च्या सुरुवातीला त्याला स्वप्न पडलं. त्यात त्याला कळलं की त्याच्यासाठी सगळं संपलं आहे. तेव्हापासून 1800 साली मरेपर्यंत तो असं धरून चालला की देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे, फक्त विल्यम कूपर सोडून. त्याने चर्चला जाणं सोडलं, प्रार्थना सोडली. देवावरचा त्याचा विश्वास उडाला नव्हता. उलट त्या विश्वासामुळेच त्याची भीती इतकी पक्की झाली. नास्तिक असता तर नरकाला भ्यायला नसता.

श्रद्धावान : कूपरला मी बाजूला सारणार नाही. जो कुणी विश्वासाने मन बरं होतं असं सांगतो त्याने कूपरचं चरित्र आधी वाचावं. तरी एक पाहा. तुम्ही वचन म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा तक्ता असतो, चांगल्या ओळींचा. मला वाटतं, सभेत पुस्तकं उघडणारेही तसंच धरून चालतात आणि तिथेच गोष्टी बिघडतात. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते बघा. 13 व्या स्तोत्रात किती काळ, किती काळ, असा प्रश्न चार वेळा येतो. 42 आणि 43 ही दोन स्तोत्रं एकत्र वाचली तर त्यांत गाणारा माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू असा खचलास का, आणि आशा धरायला सांगतो. हा त्याचा स्वतःशी संवाद तुमच्या वहीतल्या रकान्यासारखाच आहे. पण तो तीनदा येतो. पहिल्यांदा म्हटल्यावर बरं वाटलं असतं तर दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नसतं. शास्त्राने ते तीनदा ठेवलं, पहिल्या दोन वेळांची अयशस्वी धडपड खोडली नाही. आणि 88 वं स्तोत्र तर उजेडाशिवाय संपतं. शेवटच्या ओळीत काळोखच आहे. संपादन करणाऱ्यांनी त्याला आशेचं शेपूट जोडलं नाही. उदास माणसाला शास्त्रातून मिळतं ते बोलायचं धारिष्ट. देवाच्या तोंडावर तक्रार करणं हे पाप नसून उपासना आहे, हे त्याला कुठल्याही वहीतून कळणार नाही.

एलीयाची हकिकत याहून स्पष्ट आहे. कर्मेलावर मोठा विजय झाला आणि ईजबेलीची धमकी येताच तो रानात पळाला, एका झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला का? दूत आला, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई घेऊन. एलीया खाऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं ते पुन्हा खायलाच. मग तो चाळीस दिवस चालला. होरेबच्या गुहेत त्याला दोनदा विचारलं, तू इथे काय करतोस? दोन्ही वेळा त्याने तेच सांगितलं, मी एकटाच उरलोय. मी एकटाच, हा तुमच्या मानसशास्त्राप्रमाणे विचारातला दोष आहे ना? देवाने तो दुरुस्त केला, इस्राएलात सात हजार उरले आहेत असं सांगून. पण केव्हा? भाकर, झोप, चालणं, विचारणं, ऐकून घेणं, पुढची कामं सोपवणं, अलीशा नावाचा सोबती देणं, हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी. आम्ही हा क्रम उलटा करून ठेवला आहे.

साशंक : क्रम तुम्ही मांडलात तो मला पटतो आणि तो माझ्याच बाजूचा आहे. अन्न, झोप, हालचाल, कुणीतरी ऐकणं, काम, सोबत. यातलं काहीही द्यायला बायबल लागत नाही. शिवाय ज्या वचनांचा भडिमार होतो ती वचनं त्या कामासाठी लिहिलेलीच नाहीत. विचार पकडून आणण्याची करिंथकरांस पत्रातली गोष्ट घ्या. तिथे पौल करिंथच्या मंडळीत त्याच्याविरुद्ध उठलेल्या युक्तिवादांबद्दल बोलतो आहे, आणि आम्ही, असं अनेकवचनात बोलतो आहे. एका एकाकी माणसाने मध्यरात्री आपल्याच डोक्याशी कुस्ती खेळावी, असं त्यात कुठे आहे? आणि चिंता सोडायला सांगणारं फिलिप्पैकरांस पत्र! त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतल्याची हकिकत आहे. तो गेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, त्याला पाठवल्याने माझी काळजी हलकी होईल, असं पौल लिहितो. लिहिणारा तुरुंगात आहे आणि त्याला चिंता आहे. चौथा अध्याय दुसऱ्यापासून तोडून हातात देणं हा आजारी माणसावरचा अन्याय आहेच, पौलावरचाही आहे.

(लेखक म्हणून इथे थांबून सांगावंसं वाटतं की या मुद्द्यावर साशंकाची बाजू मला पूर्ण पटते. मराठी मंडळ्यांत पत्रं वाचली जातात ती बहुतेक एकेका ओळीने. अख्खं फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचायला फार वेळ लागत नाही, आणि ते तसं ऐकलेल्या माणसाच्या हातून चौथ्या अध्यायाचा दगड होणं कठीण आहे.)

श्रद्धावान : बायबल लागत नाही म्हणता, तर एक प्रश्न तुमच्या वहीला विचारतो. विचार खरा आहे का, असं बेक विचारायला लावतो. आणि उत्तर हो आलं तर? कुणी खरोखरच भावाची जमीन लाटली आहे, आईला शेवटच्या दिवसांत टाकून दिलं आहे. किंवा दोष कुणाचाच नाही, पण जे गेलं ते खरंच गेलं आहे. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. लहान मुलगी घेऊन ती बाई इंग्लंडला गेली आणि 1883 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या काय सांगतात? की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. म्हणजे विचार बदलून, मत बदलून, पंथ बदलून त्यांचं मन निवलं नव्हतं. ते निवलं केव्हा, तर आपण देवाला पटण्यासाठी काहीच करायचं उरलेलं नाही, हे त्यांनी स्वीकारलं तेव्हा. मग 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. स्वतः दुष्काळातून वाचलेली बाई दुष्काळातल्या मुली गोळा करायला गेली. आपल्या आठवणी चुकीच्या आहेत असं तिने स्वतःला पटवलं नव्हतं. आठवणी खऱ्याच होत्या, पण त्यांचा अर्थ आता तिच्या हातात राहिला नव्हता. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसलेल्या होत्या, त्या 1922 साली मरेपर्यंत उठल्या नाहीत. खऱ्या दुःखाचं आणि खऱ्या अपराधाचं काय करायचं, याला तुमच्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे क्षमा आहे.

साशंक : रमाबाईंपुढे मी मान लवतो. खऱ्या अपराधाच्या बाबतीत आमची वही अपुरी पडते, हेही कबूल. पण साक्ष कोण देतं ते लक्षात घ्या. मंडळीत उभं राहून बोलतात ते बरे झालेले. जे बरे झाले नाहीत ते मागच्या बाकावर गप्प बसतात. काही येणंच सोडतात, काही जगातून जातात. साक्षी ऐकून ऐकून मंडळीचा समज होतो की वचन धरून राहिलं की सुटका होतेच. मग ज्याला सुटका नाही त्याच्या घरचे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करतात. गोळ्या म्हणजे विश्वासाची हार, असं कुणी उघड बोलत नाही, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक असतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं, त्याला शिक्षा नको, उपचार द्या म्हटलं. सरकारचा 14416 हा टेलिमानस क्रमांक आहे, तिथे चोवीस तास कुणी ना कुणी बोलायला असतं. किती उपासनांच्या शेवटी हा क्रमांक सांगितला जातो?

श्रद्धावान : सांगितला गेला पाहिजे, याच रविवारी. पौलासोबत फिरणारा लूक वैद्य होता. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलाने लिहिलं, तुझा विश्वास उणा पडतो असं लिहिलं नाही. गोळी आणि प्रार्थना यांचं भांडण आम्ही लावलं, शास्त्राने लावलेलं नाही. आणि साक्षींबद्दल म्हणाल तर 88 वं स्तोत्र हीसुद्धा साक्षच आहे. ती द्यायला आमच्या सभेत जागा असली पाहिजे.

पण कुठला आवाज आजाराचा आणि कुठला विवेकाचा, हे ओळखायची रीतही या परंपरेने शोधली आहे. संत इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये मन्रेसाला होता तेव्हा जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्याचं समाधान होईना. जीव देण्याचा विचार येऊ लागला, आठवडाभर त्याने अन्न टाकलं. उपास सोडवला तो कबुली ऐकणाऱ्या गुरूने, स्पष्ट आज्ञा देऊन. त्या अनुभवातून पुढे त्याने नियम घातला की मन उजाड असताना कुठलाही निर्णय बदलू नये. पौलही दोन दुःखं वेगळी करतो : एक पश्चात्तापाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. विवेकाचा आवाज नेमका असतो : अमुक केलंस, जा आणि दुरुस्त कर. आजाराचा आवाज मोघम आणि सर्वव्यापी असतो : तूच वाईट आहेस.

साशंक : ही कसोटी यहूदावर लावून बघा. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याचा अपराध अगदी नेमका आहे. त्याला पस्तावा झाला. तीस रुपये परत करायला तो गेला, निर्दोष माणसाला धरून दिलं असं त्याने तोंडाने कबूल केलं. दुरुस्तीही केली, कबुलीही दिली, आणि मग त्याने गळफास घेतला. विवेकाचा आवाज म्हणून तुम्ही जे सांगितलंत ते सगळं त्याच्यात होतं.

श्रद्धावान : होतं. आणि तो गेला कुणाकडे? मुख्य याजकांकडे. देवाच्या घरात, देवाच्या माणसांपुढे त्याने कबुली दिली आणि त्यांनी सांगितलं की त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, तुझं तू बघ. पेत्रानेही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं, तोही रडला. पण त्यानंतर तो बाकीच्यांत राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला, आणि तिथे किनाऱ्यावर त्याला बोलावणारा भेटला. दोघांच्या मनातल्या विचारांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक त्यांच्या आजूबाजूला उभ्या असलेल्यांत होता.

साशंक : मग बरं करतं ते वचन नव्हे, माणसं करतात.

श्रद्धावान : ती याजकमंडळीही माणसंच होती, आणि वचन त्यांना कुणाहीपेक्षा जास्त पाठ होतं. कुणाला बाहेर ढकलायचं नाही, हे माणसांना कुठून तरी शिकावं लागतं. मी ते सुवार्तेतून शिकलो.

साशंक : तर मग कूपरकडेच या. 1773 मध्ये तो कोसळला तेव्हा त्याचा पाळक मित्र जॉन न्यूटनने त्याला वर्षभर ओल्नीच्या आपल्या घरात ठेवून घेतलं. त्याची मैत्रीण मेरी अन्विनने वर्षानुवर्षं त्याची शुश्रूषा केली. त्याने ससे पाळले, बाग केली, होमरचं भाषांतर केलं. भाकर, काम, सोबत, तुमचा सगळा क्रम पाळला गेला. तरी आतली शिक्षा उठली नाही. अशा माणसापुढे तुम्ही बसला आहात. 88 वं स्तोत्र काढलंत तर तो म्हणेल, ते लिहिणारा निदान देवाशी बोलत होता, मला तीही मनाई आहे. त्याला काय वाचून दाखवाल?

श्रद्धावान : त्याला काही वाचून दाखवणार नाही. त्याच्या शेजारी बसून ते स्तोत्र मी माझ्या तोंडाने देवाला म्हणेन, त्याने आमेन म्हणावं अशी अट न घालता. कफर्णहूमात चौघांनी छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडलं तेव्हा येशूने त्या सगळ्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. पडलेल्या माणसाचा विश्वास त्याने वेगळा तपासला नाही. एकाचा विश्वास थकला तर दुसऱ्यांनी तो त्याच्यासाठी वाहावा, याला मला तिथे आधार मिळतो.

साशंक : त्याच्या वाट्याची गोळी मात्र त्यालाच घ्यावी लागते. ते चौघे मला हवे आहेत, मंडळीकडून मला तेच हवे आहेत. पण छप्पर कुठल्या घराचं उसकटायचं यावर आपलं अजून जमलेलं नाही. मी दवाखान्याचं म्हणेन.

श्रद्धावान : मी दोन्ही घरांचं म्हणेन, आणि आधी दवाखान्याचं असेल तर माझी हरकत नाही.

साशंक : आणि दोन्ही घरांतून तो तसाच परत आला तर? सत्तावीस वर्षं?

श्रद्धावान : तर पुन्हा उचलायचं. सत्तावीस वर्षं कोण उचलणार, हे मला माझ्या मंडळीला विचारावं लागेल, आणि ती काय म्हणेल याची खात्री आज मी तुम्हाला देऊ शकत नाही.